आवतण दिलेली भुईआवळी

"भुईआवळीवर ढिगाने पेपर झालेत, मॅडम. त्यासाठी सुरतेला कशाला जायचं?" रजा मागायला गेले तेव्हा आमचे विभागप्रमुख म्हणाले. मी म्हटलं, "सर, भुईआवळीवर झालेत. डिंडोलीच्या भुईआवळीवर एकसुद्धा झालेला नाही." त्यांनी तोंड वाकडं केलं, पण सही केली. मला सहीशी मतलब होता.

धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात रानातला पाला उकळत बसते. बांधावर, कुंपणाला, रस्त्याकडेला आपोआप उगवणारी जी झाडंझुडपं आपल्या आयाबाया औषध म्हणून देत आल्या, त्यांत नेमकं काय असतं, किती असतं आणि ते शरीरात काय करतं, हे बघायचं माझं काम. भुईआवळी त्यातली माझी लाडकी. वीतभर रोप, चिंचेसारखी बारीक पानं आणि पानांखाली मोहरीएवढी हिरवी फळं रांगेने लटकलेली. चावून बघा, तोंड कडू होईल. त्यात फिलँथिन नावाचं एक द्रव्य असतं. बशीतल्या यकृताच्या पेशींना आणि उंदरांच्या यकृताला ते विषापासून वाचवतं असं पुष्कळांनी दाखवलंय. माणसांवरचे प्रयोग मात्र थोडे आणि त्यांचे निकाल उलटसुलट. म्हणून कुणी रामबाण म्हटलं की मी भांडते आणि कुणी कचरा म्हटलं तरी भांडते. एकूण माझी भांडणं बरीच होतात.

सुरतेला माझी थोरली बहीण राहते. तिला सगळी आळी आक्का म्हणते. लग्न होऊन ती डिंडोलीत गेली ती तिथलीच झाली, पण बोली सोडली नाही. भाद्रपदात तिचा फोन आला. "वंदे, भरतले कावीळ व्हयनी. मी औसद दी ऱ्हायनी. पन तो नाक्यावरला डॉक्टर माले भर आळीमा बोलना, जंगली पाला खाई घालीसन लोके मारशी म्हने! तू ये. तुन्हा मशीनमा टाक मन्हं औसद आनि त्यानं तोंड बंद कर."

भरत म्हणजे आक्काचा जावई, तिच्या लेकीचा, सरलाचा नवरा. पांडेसऱ्याच्या एका कपडा रंगवणाऱ्या मिलमध्ये कामाला. आता असं आमंत्रण आल्यावर मी थांबतेय होय? आमच्या बांधावरची भुईआवळी नमुना म्हणून पिशवीत भरली आणि निघाले.

उधना ते डिंडोली

ज्यांनी सुरत पाहिली नाही त्यांना वाटतं, परमुलखात गेल्यावर बोलायची पंचाईत होईल. कसली पंचाईत! उधन्याला उतरले आणि रिक्षावाल्याला मोडक्यातोडक्या गुजरातीत पत्ता सांगायला लागले, तर तो म्हणाला, "मावशी, आपली भाषामा सांगा ना. मी दोंडाईचाना शे." डिंडोलीत तर गल्लीच्या गल्ल्या खानदेशाच्या. दारात बसून बाया साड्यांना लेस लावतायत, टिकल्या चिकटवतायत, आणि एकीकडे सासूचा उद्धार अस्सल अहिराणीत चाललाय. नवी पिढी तेवढी फिरलीय. आक्काच्या नातीला मी जवळ घेतलं तर ती म्हणाली, "मने छोडो ने!" आणि पळाली.

आक्काने डुबुक वड्यांची भाजी आणि कळण्याची भाकरी केली होती. गावाकडे आता कळण्याची भाकरी कुणी सहज करत नाही आणि इथे सुरतेत ती रोजची. सकाळी सरलाने कोपऱ्यावरून लोचो आणला. लोचो म्हणजे खमण व्हायला निघालेलं पीठ वाटेतच बसलं, वर तेल, शेव आणि कांदा. मी नाक मुरडत एक घास घेतला आणि मग सरलाचाही वाटा खाल्ला.

भरत पलंगावर पडून होता. डोळे हळदीसारखे पिवळे. उठायला लागला तर मीच त्याला झोपवलं. "मावशी, बरं वाटतंय थोडं," तो म्हणाला. चेहरा काही तसं सांगत नव्हता.

"रक्त तपासलं?"

"कसाले?" उत्तर आक्काने दिलं. "तीन रवार औसद. दोन व्हयनात. येता रवारले तिसरं. मंग उतरस कावीळ. आजलोंग कोनी उतरनी नही का?"

हे तिचं शास्त्र. शनिवारी संध्याकाळी झाडाजवळ जायचं, हळद लावलेले तांदूळ वाहायचे, आवतण द्यायचं: उद्या न्यायला येते, माझ्यासंगती चल. रविवारी उजाडताना मुळासकट उपटायचं, वाटेत कुणाशी बोलायचं नाही, पाट्यावर वाटून रस अनशापोटी पाजायचा. त्याबद्दल रोग्याकडून काही घ्यायचं नाही, साधा चहासुद्धा नाही. आणि एकदा आवतण दिलं की माघार नाही, नाहीतर देणाऱ्याच्या हाताचा गुण जातो. आक्काच्या सासूने तिला हे दिलं आणि आक्काने अर्ध्या डिंडोलीला रस पाजला.

मी म्हटलं, "आक्का, बरीचशी कावीळ आराम केला की आपोआप उतरते. जवळ जो असेल त्याला श्रेय मिळतं. डॉक्टर असो की तू."

"मंग त्यालेच काबर भेटाले पाहिजे? माले भेटू दे!" ती म्हणाली.

नाक्यावरच्या डॉक्टरकडेही मी जाऊन आले. बायका बाकड्यावर बसलेल्या असताना त्यांनी मला सुनावलं, "शिकलेल्या दिसता तुम्ही, तरी घासपाला?" मी म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या त्या कपाटातल्या कितीतरी गोळ्यांची आजी-पणजी घासपालाच आहे. पाल्याला शिव्या देऊ नका. माझ्या बहिणीला रक्त तपासायला सांगा, मी तुमच्या बाजूने उभी राहते. पण भर आळीत तिला मारेकरीण म्हणालात, ते परत घ्या." त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. मी तिथून निघाले ती तणतणतच.

खाडी

"तुझी भुईआवळी येते कुठून, ते दाखव," मी आक्काला म्हटलं. ती मला घेऊन वस्तीच्या मागे गेली. तिथून खाडी वाहते. इकडे ओढ्यानाल्यांना खाडीच म्हणतात. पाणी संथ, वर फेस, आणि रंग चक्क गुलाबी.

"आज गुलाबी शे," आक्का सहज म्हणाली. "काल हिरवं व्हतं. जो रंग साडीले, तोच रंग खाडीले."

आणि काठावर भुईआवळी! अहो, इतकी टवटवीत भुईआवळी मी आमच्या बांधावर कधी पाहिली नाही. ढोपराएवढी वाढलेली, फळांनी लगडलेली. मी हरखून पुढे गेले आणि चिखलात पाय घोट्यापर्यंत रुतला. चप्पल आतच राहिली. आक्काने माझा दंड धरून ओढलं आणि आम्ही दोघी मागे धपकन बसलो. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "प्रोफेसरीनबाई! चप्पल दिधी खाडीले!"

घरी येऊन मी पाय घासला. साबणाने घासला, राखेने घासला, रॉकेल लावलं. पाय गुलाबी तो गुलाबी. सरला म्हणाली, "मावशी, आता दुसऱ्या पायालाही लावा, मॅचिंग होईल." सगळे हसले, मीही हसले. मग हसता हसताच माझं पायाकडे लक्ष गेलं आणि हसू थांबलं. माझ्या कातडीतून जे निघत नव्हतं, त्याच चिखलात त्या झाडाची मुळं रात्रंदिवस बुडलेली होती. भरत तेच झाड दोन रविवार प्याला होता.

हेतलच्या प्रयोगशाळेत

हेतल माझी एमएस्सीची मैत्रीण. सुरतेतल्याच एका प्रयोगशाळेत ती धातूंची तपासणी करते. पर्वत पाटियाच्या चौकात साड्यांच्या गाठोड्यांनी लादलेल्या टेम्पोंमध्ये माझी रिक्षा अडकून बसली, त्यामुळे पोचायला उशीर झाला. तिने आधी माझा पाय बघितला आणि मग मला मिठी मारली.

दोन नमुने होते, आमच्या बांधावरचा आणि खाडीकाठून निघताना मी उपटून आणलेला. दोन्ही सावलीत सुकवलेले नव्हते, तेवढा वेळच नव्हता, म्हणून तिच्या ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवले. अर्धा भाग माझा. मी तो अल्कोहोलमध्ये भिजवला, अर्क काढला, काचपट्टीवर ठिपके दिले, पट्टी द्रावणात उभी केली. मग वर फवारा मारून गरम केली. फिलँथिन असेल तिथे जांभळट ठिपका उमटतो. बांधाच्या नमुन्याचा उमटला. खाडीच्या नमुन्याचाही उमटला, तितकाच ठसठशीत. मी टाळी वाजवली. आक्काचं झाड खरं होतं. डॉक्टरचं तोंड बंद करायला माझ्या हातात काचपट्टी होती.

दुसरा अर्धा भाग हेतलचा. तिने तो आम्लात विरघळवला आणि यंत्राच्या ज्योतीत सोडला. मी चहा घेऊन आले. एकच नमुना तिने पुन्हा लावला. मग पुन्हा लावला.

"सीसुं," ती म्हणाली. शिसं. "आणि क्रोमियम पण. आ खावानी वस्तु नथी, वंदना."

"बांधाचं?"

"ते चोख्खं आहे."

मी चहा तसाच ठेवला. एकाच झाडात यकृताला राखणारं द्रव्य होतं आणि यकृताला पोखरणारा धातूही. माझ्या लाडक्या रोपट्याने कुणाला फसवलं नव्हतं. त्याच्या मुळाशी जे आलं ते ते प्यालं. मला भयंकर राग आला, आणि समोर तो काढायला कुणी नव्हतं. कुठल्या मिलचं पाणी, कुठल्या नळीतून, ते मला तिथे बसून सांगता येणार नव्हतं.

शनिवारची संध्याकाळ

मी घरी पोचले तर आक्का दारात नव्हती. सरला म्हणाली, "आई खाडीवर गेली. आवतण द्यायला." मी तशीच उलटी धावले, पण ती समोरून येतच होती, हातातली हळद-तांदळाची वाटी रिकामी.

"दिलंस?"

"दिधं. का वं?"

तिथेच रस्त्यात मी तिला सांगितलं. आधी चांगलं सांगितलं, मग वाईट. ती ऐकत राहिली. चांगलं ऐकून तिचा चेहरा फुलला नाही आणि वाईट ऐकून पडला नाही. ती एका ओट्यावर बसली.

"म्हंजे झाड खोटं नही."

"नाही."

"आनि मी खोटी नही."

"नाहीस, आक्का."

"तरी मी लोकेसले इख पाजं." इख म्हणजे विष. आणि तिचे डोळे भरून आले. मी तिच्या शेजारी बसले. माझी ही बहीण कुणापुढे रडलेली मी पाहिली नव्हती. मला तिच्यापेक्षा जास्त रडू आलं.

"तू नाही पाजलंस. ज्याने सोडलं त्याने पाजलं. भरतला उद्या रस द्यायचा नाही. त्याला दवाखान्यात न्यायचं आणि पाण्याची तक्रार सरकारी कचेरीत करायची."

"आवतन दिधेल शे, वंदे!" ती एकदम उसळली. "ती वाट दखी ऱ्हायनी. मन्ही सासूनी माले काय सांगं व्हतं? हात जाई तुन्हा! आनि तिसरा रवार चुकना तर भरतनं काय? तू जाशी निघी तुन्हा गावले. सरला मन्ही आंडेर शे, जवाई मन्हा शे!"

"गेला तर हात गेला!" मी पण ओरडले. "जावई जाऊन चालेल का?"

आळीतल्या बाया लेस लावायच्या थांबल्या. आक्का उठली आणि घरात निघून गेली. जेवताना तिने मला वाढलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. भरतने दोघींकडे पाहून विचारलं, "काय झालं?" मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, त्याच पाण्यात मी रोज उभा असतो." तो मिलमधल्या गरम रंगाच्या मशीनवर असतो. मला हे आधी सुचायला हवं होतं.

रविवार

फटफटायच्या आत आक्का निघाली. मी न विचारता मागे गेले. बोलायचं नसतं, म्हणून मी बोलले नाही. खरं तर माझ्या घशाशी शंभर वाक्यं आली होती. तिने भुईआवळीला हात लावला तर हिसकावून खाडीत फेकायची, एवढं ठरवून मी चालत होते. बहीण असली म्हणून काय झालं!

काल वाहिलेले तांदूळ झाडांच्या बुडाशी तसेच होते. त्या दिवशी पाणी निळं होतं. आक्काने नमस्कार केला आणि वाकून एकेक रोप मुळासकट उपटायला सुरुवात केली. मी पुढे झाले. तिने हाताने मला थांबवलं. पाच-सहा रोपं नेहमी पुरतात. ती थांबलीच नाही. हाताला येईल ते उपटत गेली, चिखलासकट, मुळासकट, अख्खा काठ. कंबर मोडेस्तोवर उपटत राहिली. मग कमरेला खोचलेलं फडकं सोडून त्यात सगळं बांधलं.

आणि तिथेच, खाडीकाठी, तिने सासूचा नेम मोडला. बोलली.

"बोलाई तर लयनू. आते ती येवालेच पाहिजे," ती त्या गाठोड्याकडे बघून म्हणाली. "पन पाट्यावर नही. औसद म्हनीसन नही." मग माझ्याकडे वळली. "साक्षीदार म्हनीसन येई. तुन्हा तो सरकारी हापिस कोठे शे?"

मी गाठोड्याचं एक टोक धरलं.

घरी भरत रविवारच्या सवयीने अनशापोटीच बसला होता. आक्काने पाटा भिंतीला उभा केला. "उपाशीच ऱ्हाय," ती म्हणाली. "रगत देवाले उपाशीपोटच जानं पडस, म्हने वंदी." सरला त्याला घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली. जाताना आक्काने लेकीच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

सोमवार

भरतची कावीळ घाण पाण्यातून होणारी निघाली. आराम, उकळलेलं पाणी, आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. रक्तात शिसं किती, तेही त्यांनी बघायला घेतलं. हे लिहिते आहे तोवर त्याचे डोळे निवळले आहेत, आणि कामावर परत जायचं की नाही यावरून सरलाचं आणि त्याचं रोज वाजतंय.

आम्ही दोघी मात्र सोमवारी त्या कचेरीत गेलो, जिथे पाण्याच्या तक्रारी घेतात. आक्काने नवी साडी नेसली होती, सुरतेचीच, गुलाबी. माझा पाय अजून तिला जुळत होता. वाटेत आम्हाला नाक्यावरचे डॉक्टर भेटले. मी काचपट्टीबद्दल सांगितलं आणि शिशाबद्दलही. ते म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो!" मी म्हटलं, "तुम्ही पाल्याला म्हणत होतात. पाण्याला कधी म्हणालात?" त्यांना तिथेच उभं ठेवून आम्ही पुढे निघालो.

कचेरीतल्या साहेबांनी हेतलच्या सहीचा अहवाल वरवर बघितला. ही प्रयोगशाळा आमच्या मान्यतेतली आहे का ते बघावं लागेल, म्हणाले. आमची माणसं येऊन नमुने घेतील, म्हणाले. कधी, ते विचारलं तर पंख्याकडे बघितलं. मी माझा आवाज चढवला. माझा आवाज चढला की आमच्या कॉलेजात शिपाईसुद्धा दार लावून घेतो, पण ते साहेब तयारीचे होते. त्यांनी दुसरी फाईल उघडली.

तेव्हा आक्का खुर्चीतून उठली. इतका वेळ मांडीवर धरलेलं ओलं गाठोडं तिने साहेबांच्या टेबलाच्या मधोमध ठेवलं, त्या फाईलवरच, आणि गाठ सोडली. भुईआवळी पसरली, मुळांना खाडीचा निळा-काळा चिखल, पानांत अडकलेले हळदीचे तांदूळ.

"आ शुं लाव्या, बेन?" साहेब खुर्ची मागे सारत ओरडले.

"साक्षीदार शे," आक्का म्हणाली. "आवतन दिसन आनेल शे. हिले पाठ दाखाडता येवाव नही. मालेबी नही आनि तुमलेबी नही."

"अरे पण टेबल पर माटी पडे छे!"

आक्का परत खुर्चीत बसली आणि पदर सारखा केला.

"पडू द्या," ती म्हणाली. "तुमनी सुरतनीच माटी शे ती."